पायी तपासले

आमच्या बुधवार पेठेत दुपारी एक ते चार या वेळात फोन करणाऱ्याला कुणी माणसांत धरत नाही. खालच्या गल्लीतले नव्या जमान्याचे दुकानदार आता दुपारीही शटर उघडं ठेवतात, पण आमच्या जिन्यातली जुनी बिऱ्हाडं अजून शिस्त पाळून आहेत. त्या वेळात मला फोन करायची मुभा एकाच माणसाला होती, ती भास्कररावांना. कारण त्यांचं कामच दुपारचं. ऊन डोक्यावर आलं की रस्ते रिकामे होतात, गाड्या आडव्या येत नाहीत, म्हणून रस्ता मोजायचा तो दुपारी, असा त्यांचा जन्माचा रिवाज. त्या दिवशी अडीचच्या सुमाराला फोन वाजला, पडद्यावर त्यांचं नाव आलं आणि मी पडल्यापडल्याच फोन उचलून नेहमीसारखं विचारलं, "बोला, किती भरलं?" ... पलीकडून त्यांच्या मुलीचा, सुजाताचा आवाज आला. "मावशी, बाबा गेले." त्यावर मी काय म्हणावं? "अगं, पण फोन तर त्यांचाच आहे," असं म्हणाले. इतकं खुळचट बोलणं मी आयुष्यात दुसरं केलं नसेल, पण त्या क्षणी मला ते अगदी बिनतोड वाटलं होतं.

त्याला आता सहा आठवडे होतील. सुजातानं दोनदा सुचवलं, मावशी, बाबांवर काहीतरी लिहा, तुमच्याइतकं त्यांना कामात कुणी पाहिलेलं नाही. मी टाळत राहिले. कारण त्यांच्या जाण्याआधी आठ दिवस आमचं भांडण झालं होतं. तेच आमचं शेवटचं बोलणं. त्या भांडणात चूक कुणाची होती, हे मला गेल्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले आहे.

शहराचे आणि भोवतालच्या गावांचे नकाशे करणाऱ्या एका सरकारी कचेरीत आम्ही दोघांनी एकोणतीस वर्षं काढली. ते मोजणीला, मी ट्रेसर. म्हणजे ते दिवसभर उन्हात फिरून रस्ते मोजायचे आणि मी पंख्याखाली बसून तेच रस्ते पातळ ट्रेसिंग कागदावर शाईनं काढायचे. त्यांच्याजवळ मोजणीचं एक चाक होतं. कमरेइतकी उंच दांडी, खाली लहान मुलांच्या सायकलीला असतं तेवढं चाक, मुठीजवळ आकड्यांची डबी. चाक ढकलत चालायचं, दर मीटरला टक् असा आवाज होतो आणि डबीतला आकडा पुढे सरकतो. डबीच्या कडेला बटण, ते दाबलं की पुन्हा शून्य. ही सगळी यंत्रसामग्री. बाकी त्यांचे दोन पाय. कचेरीत पुढे दुर्बिणी आल्या, उपग्रह आले, सहीसाठी नवे साहेब आले, पण भास्करराव स्वतः चालून आल्याशिवाय कुठल्याही लांबीवर विश्वास ठेवत नसत. एकाच रस्त्याच्या तीन फेऱ्या. दोन त्यांच्या आणि तिसरी दुसऱ्या कुणाचीतरी, तिला ते साक्षीची फेरी म्हणत. त्या फेरीला चाक साक्षीदारानं ढकलायचं आणि मध्ये मागे वळून बघायचं नाही. कारण माणूस वळला की हात वळतो, हात वळला की चाक मागे जातं आणि आकडा बिघडतो. तिन्ही आकडे जुळले तरच ते नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहायचे, ‘पायी तपासले’. मग त्यावरून मी शाई फिरवायची. असे किती कोपरे मी शाईनं भरले असतील, देव जाणे. साक्षीच्या फेरीला मात्र मी कधी गेले नाही. बायकांनी उन्हात कशाला जायचं, असं साहेब म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचंच होतं. ज्या रस्त्यांवरून माझी शाई फिरली, त्यांतल्या निम्म्यांवरूनही मी चालले नसेन.

ते मला बाई म्हणत, मी त्यांना भास्करराव. एकोणतीस वर्षांत आणि नंतरच्या दहा वर्षांत यात बदल झाला नाही. त्यांचे वडील छप्पन सालच्या दीक्षेच्या पिढीतले, घरात शीलांचं कडक पालन. भास्करराव स्वतः फार बोलून दाखवत नसत, पण कुणी लांबीत हातभर इकडेतिकडे करायला सुचवलं की शांतपणे सांगत, "आमच्यात चौथं शील आहे, साहेब. खोटं बोलायचं नाही. आणि मोजणीत तर मुळीच नाही." मी पेठेतली, तिरकं बोलल्याशिवाय अन्न पचत नाही अशी. ते मात्र माझ्या शेलक्या शब्दांवर नुसते हसत. एकदाच एका बोलण्यावर त्यांना गंभीर होताना पाहिलं. काम संपलं की चाक शून्यावर आणल्याशिवाय ते ठेवत नसत. घाईत कुणी तसंच ठेवलं तर उठून स्वतः बटण दाबत. मी विचारलं, एवढं काय बिघडतं? तर म्हणाले, "शून्यावर न आणलेली मोजणी चालत राहते, बाई." मी म्हटलं, चालू दे की, तुम्हाला तेवढाच आराम. यावर ते हसले नाहीत.

निवृत्तीनंतर ते कर्वेनगरला सोसायटीत राहायला गेले. तरीही आमचं काम सुटलं नाही. कुणाला वाटणीसाठी, कुणाला सोसायटीच्या हद्दीसाठी जुन्या पद्धतीची मोजणी लागे. ते मोजत, मी माझ्या जेवणाच्या टेबलावर नकाशा काढत असे. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता त्यांच्याच सोसायटीतल्या एकांची भाची, ईशा, त्यांच्याकडे आली. ती एका कंपनीत होती आणि त्या कंपनीच्या डोक्यात पुण्यात मोटारींची शर्यत भरवायचं होतं. तीही शर्यतीसाठी बांधलेल्या मैदानावर नव्हे, शहरातल्या चालत्या रस्त्यांवर. दोन दिवस रस्ते बंद करायचे, दोन्ही कडांना कठडे लावायचे आणि मध्ये गाड्या सोडायच्या. भास्कररावांनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, पुण्यात हे रोजच चालतं, फक्त कठडे नसतात. पण मुलगी हुशार होती आणि मनापासून काम करणारी होती. मांजरी गावाच्या अंगाला नव्या वसाहतींनी जे रुंद रस्ते केले आहेत, ते जोडून एक बंद वाट तिनं आखली होती. जिथून निघायचं तिथेच परत यायचं. आकाशातून काढलेले फोटो तिच्याजवळ होते, संगणकावर सगळं रंगीत दिसत होतं. पण रस्त्याचा उतार, गटारांची झाकणं, वळणांवरची खरी रुंदी हे कुणीतरी जमिनीवर जाऊन बघायला हवं होतं. नकाशा बाई हातानं काढतील, अशी भास्कररावांची अट. ती म्हणाली, "काका, कॉम्प्युटरवर कॅडमध्ये होईल ना पटकन." त्यावर ते म्हणाले, "कॅडमध्ये रस्ता काढता येतो, चालता येत नाही."

आणि मग दिवाळीनंतर त्यांच्या दुपारच्या फेऱ्या सुरू झाल्या. रोज अडीच-तीनला फोन यायचा, मी विचारायचे, "किती भरलं?" ते आकडा सांगायचे, मी तो टेबलावरच्या कागदाच्या कडेला टिपून ठेवायचे. हळूहळू आकड्यांच्या जोडीनं ते आणखीही काही सांगायला लागले. तिकडची दुपार आपल्या पेठेतल्या दुपारीसारखी नाही, म्हणाले. आपल्याकडे दुपारी माणसं झोपलेली असतात. तिकडे ती अजून आलेलीच नाहीत. वीस-वीस मजले उभे आहेत, खिडक्यांना पडदे नाहीत, चौकात सिग्नल लाल होतो, हिरवा होतो, गाडी एकही नाही. डांबरावर पांढरे पट्टे मारून ठेवलेत, ते कुणाचीतरी वाट बघत असल्यासारखे. एकदा म्हणाले, "बाई, जन्मभर सरळ रस्ते मोजले. सरळ रस्त्यावर माणूस पुढे जातो. या शर्यतीच्या वाटेचं वेगळंच आहे. चालत राहावं तर माणूस आपल्याच पाठीमागे येऊन उभा राहतो. कोण पुढचा, कोण मागचा, काही कळत नाही." मी म्हटलं, टोपी घालत जा, ऊन लागतंय तुम्हाला.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी फोन आला, तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी विचारलं, ईशानं दुसरं कुणी मोजणीला नेमलंय का, तुम्हाला काही बोलली का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, आज माझ्या पुढे एक बाई चालली होती. हातात चाक. डोक्याला पुरुषासारखा पांढरा टॉवेल गुंडाळलेला. डांबर जिथे संपतं तिथून ती सरळ उसात शिरली. मी मागोमाग गेलो. चाकाचा आवाज येत होता, पाठ दिसत होती. हाक मारली, अहो बाई, म्हटलं, पण तिनं वळून पाहिलं नाही. पलीकडे बाहेर आलो तर रस्त्यावर कुणी नाही... हे सगळं ते इतक्या सरळ सुरात सांगत होते की मला आधी हसूच आलं. मग ईशाला विचारलं. तिनं कुणालाच नेमलेलं नव्हतं. आणि मग मला भीती वाटायला लागली. उसातल्या त्या बाईची नव्हे, भास्कररावांची. सत्तरीला टेकलेला माणूस, विधुर, रोजचं ऊन. माझ्या थोरल्या दिरांचं असंच सुरू झालं होतं, नसलेली माणसं दिसण्यापासून.

त्या उसाबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण आमचं भांडण तिथेच झालं. नकाशात असलेला रस्ता अखंड रेघेनं काढतात आणि व्हायचा रस्ता तुटक रेघेनं. पुण्यात तुटक रेघांच्या रस्त्यांना तोटा नाही. आपण त्यांना डीपी रोड म्हणतो. विकास आराखड्यात असतात, जमिनीवर नसतात. कितीतरी माणसं त्या तुटक रेघा बघून फ्लॅट घेतात आणि त्याच फ्लॅटात म्हातारी होतात. ईशाच्या वाटेत असाच एक तुकडा होता. दोन वसाहतींचे रुंद रस्ते समोरासमोर येऊन थांबले होते आणि मध्ये कुणाचातरी ऊस उभा होता. फोटोत ते हिरवं दिसलं तेव्हा तिला वाटलं, रस्त्यावरची झाडं असतील. नकाशात रेघ होती, तिनं ती तुटक आहे हे पाहिलंच नाही. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी चूक नाही, पण तिला बिचारीला रेघांची भाषा शिकवली कुणी? तो तुकडा नसेल तर वाट बंद होत नाही आणि वाट बंद झाली नाही तर शर्यत नाही. रस्ता होईल तेव्हा होईल, निदान त्याची खरी लांबी तरी द्या, म्हणून ती भास्कररावांच्या मागे लागली.

संक्रांतीच्या आधी भास्करराव माझ्याकडे आले. हातात चाक, खिशात डायरी. मी चहा टाकला. टेबलावर माझा नकाशा जवळजवळ पुरा झाला होता. सगळी वाट अखंड रेघेत, एवढा एक तुकडा तुटक, आणि त्याच्या खालची चौकट कोरी. त्यांनी त्या चौकटीत पेन्सिलीनं आकडा लिहिला, ४१२.६ मीटर. म्हणाले, दोन फेऱ्या झाल्या, दोन्हींचा आकडा हाच. साक्षीची तेवढी राहिली आहे. ईशा उसात शिरायला तयार नाही, म्हणते साप असतील. तुम्ही चला. मी हातातला कप खाली ठेवला. म्हटलं, भास्करराव, तिथे रस्ता नाही, उभा ऊस आहे, माणसाच्या डोक्यावर चार हात. तुम्ही चाललात कुठून? ते म्हणाले, दोन्ही टोकांना मोजणीचे जुने दगड आहेत आणि त्यांच्यामधून उसाची एक सरी अगदी सरळ जाते. शेतकऱ्यानं नांगर धरला असेल, पण रेघ आपल्या नकाशाची आहे. खरं तर तिथेच मी थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात ती टॉवेल गुंडाळलेली बाई बसली होती. मला वाटलं, या माणसाला आता नसलेली माणसं दिसतात तसे नसलेले रस्तेही दिसायला लागलेत. आणि माझी जीभ, ती काय थांबणार? मी म्हणाले, "तुटक रेघेखाली ‘पायी तपासले’ लिहिलं तर लोक आपल्याला हसतील. तुम्ही थकलात आता, भास्करराव. चाक ठेवून द्या."

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. उठले, चाक घेतलं आणि दारात थांबून म्हणाले, "पुन्हा चालून बघतो. पण बाई, तिसरी फेरी तुमची आहे. ती मला लिहिता येणार नाही." चहा तसाच राहिला होता. मी तो मोरीत ओतला आणि त्यांच्यावर चिडून दुपारभर लोळत पडले. आठ दिवस फोन आला नाही. मीही केला नाही. पुणेरी ताठा, दुसरं काय.

सुजातानं नंतर सांगितलं ते असं. त्या दिवशी ते अकराला घरून निघाले आणि दोनच्या आत परत आले. ती स्वयंपाकघरात होती. दार उघडल्याचा आवाज आला, चाक भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. ताट घेते म्हणून तिनं हाक मारली. बाहेर येऊन बघते तर खुर्चीत बसलेले, मान एका बाजूला, पायांत बूट तसेच. मोज्यांना उसाचा पाला चिकटलेला होता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या सोसायटीच्या सभागृहात झाला. मी मागच्या रांगेत बसले होते. पांढरे कपडे, मेणबत्त्या, फुलं, फोटोत भास्करराव कचेरीतल्या जुन्या ओळखपत्रावर होते तसे. सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. मला शब्द येत नाहीत, पण एवढ्या वर्षांत क्रम पाठ झाला आहे. चौथं शील आलं तेव्हा माझी मान वर होईना. ज्या माणसानं जन्मभर हे एक वाक्य पाळलं, त्याला मी त्याच्या तोंडावर एकतर खोटा ठरवलं होतं नाहीतर वेडा. आणि ते खरे होते की नव्हते, हे मला माहीत नव्हतं. खोटं का सांगू, त्या सभागृहात बसूनही माझा संशय पुरता गेलेला नव्हता. कार्यक्रम आटोपल्यावर सुजातानं चाक आणून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "त्या दिवशी निघताना बाबा म्हणाले होते, आज आलो की चाक बाईंकडे पोचवायचंय." मी डबीकडे पाहिलं. शून्य नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून चाक शून्यावर न आणता राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. आकडा होता ८२५.२. घरी येईपर्यंत तो माझ्या डोक्यात घोळत होता आणि जिना चढता चढता लक्षात आलं... त्याच्या निम्मे चारशे बारा पूर्णांक सहा. माझ्या शंकेपायी तो माणूस शेवटच्या दिवशी उन्हातून पुन्हा दोन फेऱ्या चालून आला होता. आणि चाक तसंच ठेवलं होतं, तिसरीसाठी.

त्यानंतर महिनाभर ते चाक माझ्या दाराआड उभं होतं आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. दुपारची झोप गेली. दोन वाजून गेले की कान फोनकडे लागायचे. सुजातानं त्यांचा नंबर केव्हाच बंद केला होता, हे माहीत असूनही. शेवटी गेल्या आठवड्यात ईशाला फोन केला आणि म्हटलं, मला मांजरीला सोड. तिनं गाडीतून नेलं. अर्ध्या वाटेत तिच्या कंपनीची मीटिंग फोनवर सुरू झाली. मी म्हटलं, तू बोल, वळसा घालून पलीकडच्या टोकाला जाऊन थांब. मी चालत येते. तिनं माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि तिथे पोचल्यावर मला उतरवलं. दुपारचा एक वाजून गेला होता.

भास्कररावांनी सांगितलं होतं ते सगळं तिथे होतं. बिनपडद्यांच्या खिडक्या होत्या, एकटाच लाल-हिरवा होणारा सिग्नल होता. डांबर संपलं तिथपर्यंत पांढरा पट्टा आला होता आणि त्यानंतर एकदम ऊस. जणू रस्ता उसाच्या आत गेला होता आणि आपल्याला दिसत नव्हता. शेजारी विहिरीजवळच्या खोलीच्या सावलीत एक म्हातारी शेंगा निवडत बसली होती. ऊस तिच्याच घरचा. माझ्या हातातलं चाक बघून तिनं मान हलवली. मी म्हटलं, हे चाक ज्यांचं, ते तुमच्या माहितीचे होते का? "चाकवालं बाबा व्हय?" ती म्हणाली. "येत्यात की दुपारचं." मी विचारलं, शेवटचे कधी आले होते? तिनं शेंगा खाली ठेवून आठवून पाहिलं. "परवाच्याला. का तेरवा... ध्येन न्हाई बगा." ते गेल्याला तर महिना उलटला होता. मग मी स्वतःला समजावलं, आपल्याकडे परवा म्हणजे दोन दिवसही होतात आणि दोन महिनेही. म्हाताऱ्या माणसाच्या परव्याला काय धरून बसायचं? मी उसाकडे निघाले तर तिनं मागून थांबवलं. खांद्यावरचा टॉवेल काढून पुढे केला. "ताई, उगड्या डोक्यानं शिरू नगा, पाला लई कापतो. ह्ये बांदा." मी तो डोक्याला गुंडाळला, दगडाशी चाक टेकवलं आणि ८२५.२ वरूनच चालायला लागले.

सरी होती. अगदी सरळ होती. दोन्ही बाजूंनी ऊस वर मिटलेला, आत हिरवा अंधार आणि उकाडा. पाला सारखा सळसळत होता आणि वारा मात्र अंगाला लागत नव्हता. चाक सरीत बरोबर मावत होतं. टक्... टक्... दहा-वीस मीटर गेल्यावर भीती कमी झाली आणि मला रडूच यायला लागलं. कारण भास्करराव खरे होते. वेडे नव्हते आणि खोटे तर नव्हतेच. एकोणतीस वर्षं मी ज्यांच्या पेन्सिलीवरून डोळे मिटून शाई फिरवली, त्यांना मी एका उसाच्या फडासाठी चाक ठेवून द्या म्हणाले होते. मी मनातल्या मनात त्यांची माफी मागत चालत होते. शंभरेक मीटर झाले असतील, घाम डोळ्यांत उतरला म्हणून टॉवेलचं टोक ओढायला डावा हात वर केला... आणि तो तिथेच राहिला. डोक्याला पुरुषासारखा पांढरा टॉवेल. हातात चाक. डांबर संपतं तिथून सरळ उसात.

तेव्हा मला मागचा आवाज ऐकू आला. माझं चाक टक् म्हणायचं आणि थोड्या अंतरावर मागे दुसरं चाक टक् म्हणायचं. मी थांबले नाही, पाय थांबू शकले असते असंही वाटत नाही. आवाज ना जवळ येत होता ना लांब जात होता. तीनशे मीटरच्या आसपास, नेमकं सांगता येणार नाही कारण आकड्याकडे बघायचं भान नव्हतं, मागून हाक आली. "अहो बाई..." अनोळखी बाईला माणूस रस्त्यात मारतो, तशी हाक. ओळखीची नव्हे. कुणी म्हणेल, म्हातारीनं मारली असेल. म्हातारी मला ताई म्हणत होती. आणि तो आवाज मी एकोणतीस अधिक दहा वर्षं ऐकला आहे, धाप लागलेला असला तरी ओळखते.

मला वळायचं होतं. जितकं कशासाठीच वाटलं नसेल, तितकं वाटलं. वळावं, टॉवेल काढावा आणि म्हणावं, अहो भास्करराव, मीच आहे, चहा राहिला होता तुमचा. पण ही साक्षीची फेरी होती. मी वळले असते तर हात वळला असता, आकडा बिघडला असता आणि त्यांचा शब्द पुन्हा माझ्यामुळे कच्चा राहिला असता. शिवाय त्या दिवशी त्यांनीच फोनवर सांगितलं होतं, तिनं वळून पाहिलं नाही. मी दांडी दोन्ही हातांनी धरली आणि चालत राहिले. पुन्हा हाक आली नाही.

एकदम ऊन अंगावर आलं. समोर डांबर, पांढरा पट्टा, दगड, आणि लांब ईशाची गाडी. चाक दगडाला टेकलं तेव्हा मी डबीकडे पाहिलं. १२३७.८. टेकायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्या दगडावरच बसले आणि बोटांवर हिशेब केला, तीनदा केला. दोन फेऱ्या त्यांच्या, तिसरी माझी, तिन्ही जुळल्या होत्या. ईशा धावत आली, काकू, काय झालं, म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, पाला लागला डोळ्याला.

शर्यतीचं पुढे काय होणार, ते ईशालाही माहीत नाही. कागद कुठल्यातरी टेबलावर आहेत म्हणे. तो रस्ता होईल तेव्हा होईल, आणि झालाच तर त्यावरून जाणाऱ्या गाडीला हा तुकडा डोळ्याची पापणी लवायच्या आत संपेल. मी मात्र नकाशा पुरा केला. रेघ तुटकच ठेवली, कारण रस्ता नाहीच. पण खालच्या चौकटीत त्यांच्या पेन्सिलीच्या आकड्यावरून शाई फिरवली आणि कोपऱ्यात, या वेळी पेन्सिलीशिवाय, माझ्या अक्षरात लिहिलं, ‘पायी तपासले’. त ची गाठ थोडी बिघडली आहे. भास्कररावांनी चालवून घेतलं असतं.

चाक दाराआड उभं आहे. काम संपलं, आता ते शून्यावर आणायला हवं. रोज दुपारी घर निजलं की मी उठून त्याच्याजवळ जाते, बटणावर बोट ठेवते आणि मला त्यांचं ते वाक्य आठवतं, शून्यावर न आणलेली मोजणी चालत राहते. मग मी बोट काढून घेते.